बूमचालक
बूमचालक : चित्रपट वा दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या चित्रणाच्या वेळी नटांचे संवाद टिपण्यासाठी लांब दांड्याच्या टोकाला बसविलेला ध्वनिग्राहक, म्हणजेच माइक, चित्रचौकटीच्या बाहेर राहील अशा बेताने हाताळणारा तंत्रज्ञ. या दांड्यास ‘बूम’ म्हणतात. हा शब्द मूळचा नौकानयनातील असून जहाजाच्या शिडाला आधार देणाऱ्या आडव्या काठीवरून तो चित्रपटव्यवसायात आला. ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली काम करणारा हा तंत्रज्ञ प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. त्याचे कौशल्य तो दिसू नये, त्याची सावली पडू नये आणि त्याच्या हालचालीचा आवाज होऊ नये, यावरच मोजले जाते. चित्रपट बोलू लागल्यानंतर निर्माण झालेल्या व्यवसायांपैकी हा एक प्रमुख व्यवसाय होय.

पार्श्वभूमी : मूकपटाच्या काळात चित्रणस्थळी शांततेची आवश्यकता नव्हती. कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक मोठ्याने सूचना देत असे, सेटच्या मागे सुतारकाम चालू राही आणि नटांच्या भावना उद्दीपित करण्यासाठी काही ठिकाणी वादकही बसविले जात. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी अमेरिकेत द जॅझ सिंगर हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील काही गाणी व थोडे संवाद तबकडीवर मुद्रित केलेले होते. पुढील वर्षी लाइट्स ऑफ न्यूयॉर्क हा सर्वस्वी संवादयुक्त पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट निघाला आणि थोड्याच काळात हॉलिवुडमधील सर्व चित्रपटसंस्था बोलपटाकडे वळल्या.

या स्थित्यंतराने चित्रणाची पद्धत मुळापासून बदलली. कॅमेऱ्याच्या यंत्राची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो छायालेखकासह ध्वनिरोधक खोक्यात बंद करण्यात येऊ लागला. कार्बन प्रज्योत दिव्यांचा गुणगुणाट माइक टिपून घेई, म्हणून त्यांच्या जागी तप्त तंतूचे दिवे आले. तत्कालीन माइक जड असत व त्यांची ग्रहणक्षमता मर्यादित असल्यामुळे ते नटाच्या जवळ ठेवावे लागत. फुलदाणी, दूरध्वनीयंत्र, दिव्याचे झाकण, पडद्याची घडी अशा ठिकाणी ते लपविले जात. परिणामतः नटाला माइकजवळ येऊन थांबावे लागे, वाक्य संपल्यावर हलावे लागे आणि दुसऱ्या माइकजवळ गेल्यावर पुन्हा बोलावे लागे. मूकपटाने मिळविलेली हालचालीची सहजता बोलपटाने काही काळ गमावली. या अवघडलेपणाची विनोदी आठवण सिंगिंग इन द रेन (१९५२) या चित्रपटात जतन झालेली आहे.

उगम : माइक स्थिर ठेवून नटाला त्याच्याकडे आणण्याऐवजी माइकच नटाच्या मागोमाग न्यावा, ही कल्पना १९२८–२९ च्या सुमारास एकाहून अधिक ठिकाणी सुचलेली दिसते. तिचे श्रेय सामान्यतः पॅरामाउंट संस्थेच्या दिग्दर्शिका डॉरोथी आर्झनर यांना दिले जाते. द वाइल्ड पार्टी (१९२९) हा क्लॅरा बो या लोकप्रिय अभिनेत्रीचा पहिला बोलपट. मूकपटात मुक्तपणे वावरणाऱ्या या अभिनेत्रीला लपविलेल्या माइकच्या बंधनाचा जाच होऊ लागला, तेव्हा आर्झनर यांनी मासे पकडण्याच्या गळाच्या काठीला माइक बांधून तो तिच्या डोक्यावरून फिरविण्यास तंत्रज्ञांना सांगितले. विल्यम वेलमन यांनी बेगर्स ऑफ लाइफ (१९२८) या चित्रपटाच्या वेळी झाडूच्या दांड्यास माइक टांगल्याचेही सांगितले जाते. आर्झनर यांनी या युक्तीचे एकस्व घेतले नाही. पहिला मान कोणाचा, हा वाद निर्णायकपणे मिटण्यासारखा नाही. तथापि सेटवरील निकडीतून आणि हाती सापडेल त्या काठीतून हे साधन जन्मास आले, यात शंका नाही.

याच सुमारास इन ओल्ड ॲरिझोना (१९२८) या चित्रपटाने स्टुडिओबाहेर मोकळ्या जागी संवाद मुद्रित करता येतात हे दाखवून दिले. रूबेन मामूलियन यांनी ॲप्लॉज (१९२९) मधील एका प्रसंगात दोन माइकांवर दोन आवाज स्वतंत्रपणे घेऊन ते नंतर एकत्र केले. १९३० नंतर काठीचे रूपांतर यंत्रात झाले. चाकांच्या मंचावर उभारलेला, मागेपुढे सरकणारा आणि सर्व बाजूंना वळणारा धातूचा बूम प्रचारात आला. मोल-रिचर्डसन या हॉलिवुडमधील कंपनीचे बूम दीर्घकाळ प्रमाणभूत मानले गेले. अशा बूमची भुजा सु. ५ मी.पर्यंत लांबविता येई. मंचावर उभा असलेला चालक एका हाताने चक्र फिरवून भुजा लांब-आखूड करी व दुसऱ्या हाताने माइकचे तोंड बोलणाऱ्या नटाकडे वळवी. मंच ढकलण्यासाठी वेगळा मदतनीस असे.

कार्यपद्धती : बूमचालकाच्या कामाचा पाया एका साध्या भौतिक नियमावर आहे. मोकळ्या जागेत ध्वनिउगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सु. ६ डेसिबेलने घटते. परंतु खोलीतील प्रतिध्वनी व पार्श्वभूमीचा गोंगाट त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून माइक थोडा दूर गेला, तरी संवाद पोकळ व अस्पष्ट वाटू लागतो. नंतर आवाज वाढविल्यास गोंगाटही त्याबरोबर वाढतो, त्यामुळे ही उणीव भरून काढता येत नाही. माइक शक्य तितका जवळ हवा आणि तरीही चौकटीबाहेर हवा, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ क्षणोक्षणी घालणे हे बूमचालकाचे मुख्य काम होय. जवळच्या चित्रणात माइक नटाच्या मुखापासून सामान्यतः अर्धा ते एक मीटर अंतरावर, किंचित पुढे व वर ठेवला जातो.

त्यासाठी छायालेखकाने कोणते भिंग लावले आहे व चौकटीची वरची कड कोठे येते, हे त्याला अचूक ठाऊक असावे लागते. दिव्यांची रचनाही त्याला वाचता आली पाहिजे. मुख्य दिव्याच्या बाजूने बूम आत आणल्यास त्याची सावली नटाच्या चेहऱ्यावर किंवा मागील भिंतीवर पडते. म्हणून बहुधा विरुद्ध बाजूची जागा निवडतात. दोन नट बोलत असतील, तर पहिल्याचे वाक्य संपताच आणि दुसऱ्याचे सुरू होण्यापूर्वी माइक वळला पाहिजे. वाक्य कानी पडल्यावर वळविलेला माइक पहिले अक्षर गमावतो. त्यामुळे बूमचालकाला सर्व पात्रांचे संवाद जवळजवळ नटांइतकेच पाठ असावे लागतात. नट कोठे श्वास घेतो, कोणत्या शब्दाला मान वळवितो, तालमीत हळू बोलून प्रत्यक्ष चित्रणात आवाज किती चढवितो, हे तो तालमीच्या वेळीच हेरून ठेवतो.

हातात धरावयाच्या बूमने शारीरिक श्रमांची भर घातली. दोन्ही हात डोक्यावर ताणून, दांडा आडवा तोलून, कित्येक मिनिटे निश्चल उभे राहावे लागते. टोकाच्या माइकचे वजन थोडे असले, तरी तरफेच्या नियमानुसार त्याचा भार खांद्यांवर व मनगटांवर अनेक पटींनी जाणवतो. बोटांची पकड बदलली तरी तिचा आवाज दांड्यातून माइकपर्यंत पोहोचतो. मऊ तळव्यांची पादत्राणे, आवाज न करणारे कपडे आणि संथ श्वसन या गोष्टी म्हणूनच या व्यवसायात आवश्यक ठरतात. पूर्वी लाकूड, बांबू व ॲल्युमिनियम यांचे दांडे वापरीत. पुढे कार्बन तंतूंचे हलके दांडे आल्याने हा भार पुष्कळ कमी झाला.

भारतातील वाटचाल : भारतातील पहिला बोलपट आलम आरा १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांच्या स्टुडिओत त्या वेळी बूम नव्हता व ध्वनिरोधक दालनही नव्हते. स्टुडिओ लोहमार्गाला लागून असल्याने गाड्यांची ये-जा थांबल्यावर, बहुतेक रात्रीच, चित्रण करावे लागे. माइक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा अडचणीच्या जागी लपविले जात. चित्र व ध्वनी एकाच फितीवर नोंदणारी यंत्रणा असल्यामुळे मुद्रणातील चूक नंतर सुधारण्यास फारसा वाव नसे. आरंभी विल्फोर्ड डेमिंग या अमेरिकन तंत्रज्ञाचे साहाय्य घेण्यात आले. पुढे इराणी व त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी मुद्रणाचे काम स्वतः सांभाळले. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्या लपविलेल्या माइकांनी काय टिपले, हे ऐकण्याचा मार्ग उरलेला नाही.

मराठीत प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) हा आरंभीचा महत्त्वाचा बोलपट. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या प्रमुख भूमिका होत्या. त्या काळी नट स्वतःच गात आणि गाणे चित्रणाच्या वेळीच मुद्रित होई. वादकांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवावे लागे. संगीत रंगभूमीवर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याची सवय असलेल्या नटांना माइकसमोर आवाज आवरणे हे नवे शिक्षणच होते. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या भाग्यचक्र या बंगाली चित्रपटाने व त्याच्या धूपछाँव या हिंदी आवृत्तीने पार्श्वगायनाची प्रथा रूढ केली. गाणे आधी मुद्रित होऊ लागल्याने गीतप्रसंगांत बूमची गरज संपली. संवादांपुरते त्याचे स्थान कायम राहिले.

हे स्थानही पुढे डळमळले. साठोत्तर काळात बाह्यचित्रणाचे प्रमाण वाढले आणि हलके परंतु आवाज करणारे ॲरिफ्लेक्स कॅमेरे सर्वत्र वापरले जाऊ लागले. बघ्यांची गर्दी, वाहनांचा गोंगाट आणि एकाच वेळी अनेक चित्रपटांत काम करणाऱ्या नटांच्या तारखांची टंचाई यांमुळे स्थळावरील ध्वनी केवळ मार्गदर्शक म्हणून घेऊन संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलवून घेण्याची पद्धत, म्हणजे डबिंग, नियम बनली. कामगिरी कितीही उत्तम असली, तरी बूमचालकाने टिपलेला आवाज अखेरच्या प्रतीत राहत नसे. प्रसंगाच्या ऐन भरात नटाच्या कंठातून निघालेला स्वर आणि महिन्यांनंतर अंधाऱ्या दालनात ओठांच्या हालचालीशी जुळवून काढलेला स्वर यांत पडणारे अंतर भारतीय प्रेक्षकाच्या इतके अंगवळणी पडले, की ते जाणवेनासे झाले. डबिंगमुळे निर्मितीची सोय झाली आणि भाषांतरित आवृत्त्याही सुकर झाल्या; मात्र एक कौशल्य जवळजवळ पिढीभर अडगळीत पडले.

लगान (२००१) या चित्रपटाने या पद्धतीला ठळक छेद दिला. कच्छमधील भूजजवळ, शेकडो लोकांच्या समुदायासह चित्रित झालेल्या या चित्रपटाचे संवाद चित्रणस्थळीच मुद्रित करण्यात आले. त्यासाठी नकुल कामटे व एच. श्रीधर यांना ध्वनिलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर अनेक हिंदी व मराठी चित्रपटांनी ही पद्धती स्वीकारली. पुण्यास प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकलेले रसूल पूकुट्टी यांना स्लमडॉग मिल्यनेअर (२००८) या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह अकादमी पुरस्कार मिळाला.

दूरचित्रवाणी : थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांत बूमचालकाची कसोटी अधिक कठीण असे. चित्रपटात चूक झाल्यास प्रसंग पुन्हा घेता येतो. थेट प्रक्षेपणात ती सोय नव्हती. एका सेटवरील प्रवेश संपताच दुसऱ्या सेटवर, कॅमेऱ्यांच्या केबली ओलांडून, आवाज न करता बूम न्यावा लागे. आय लव्ह ल्यूसी (१९५१) सारख्या मालिका तीन कॅमेऱ्यांनी प्रेक्षकांसमोर चित्रित होत. तेथे एकाच वेळी निरनिराळ्या चौकटी सांभाळाव्या लागत. भारतात दिल्ली येथे १९५९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व मुंबई येथे १९७२ मध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली आणि स्टुडिओतील नाट्यप्रसंगांच्या रूपाने या कामाला नवे क्षेत्र मिळाले.

नवी साधने : स्टेफान कुडेल्स्की यांनी विकसित केलेले नाग्रा हे सुवाह्य फीतमुद्रण यंत्र पन्नाशीच्या दशकात आले व ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या भिंतींतून मुक्त झाले. एकाच दिशेचा ध्वनी प्रामुख्याने टिपणाऱ्या लांब नळीच्या माइकांनी बूमची उपयुक्तता वाढविली. मात्र नेम चुकण्याचा धोकाही वाढला. कपड्यांत दडविता येणारा बिनतारी माइक हा बूमचा मोठा प्रतिस्पर्धी. माय फेअर लेडी (१९६४) मध्ये रेक्स हॅरिसन यांच्यासाठी तो वापरला गेला. कारण आपली गीते चित्रणाच्या वेळीच म्हणण्याचा त्यांचा आग्रह होता. सत्तरीच्या दशकात रॉबर्ट ऑल्टमन यांनी प्रत्येक नटाला स्वतंत्र माइक व स्वतंत्र मुद्रणमार्ग देऊन एकमेकांवर येणारे संवाद टिपले. तथापि अशा माइकला कापडाची सळसळ बाधते, शिवाय नट जवळ असो वा दूर, त्याचा आवाज सारखाच जवळचा येतो. अवकाशाची जाणीव देणारा नैसर्गिक आवाज बूमवरच अधिक चांगला मिळतो. त्यामुळे अंकीय बहुमार्गी मुद्रणाच्या काळातही दोन्ही साधने एकत्र वापरली जातात.

व्यवसायाचे स्थान : ध्वनिमुद्रणासाठी अकादमी पुरस्कार १९३० पासून दिला जाऊ लागला, परंतु अनेक दशके तो चित्रपटसंस्थांच्या ध्वनिविभागांच्या वा त्यांच्या प्रमुखांच्या नावे जात असे. बूमचालकांची नावे श्रेयनामावलीतही दीर्घकाळ येत नसत. त्यामुळे बोलपटाच्या पहिल्या पिढीतील बहुसंख्य बूमचालक इतिहासाला अज्ञात राहिले. त्यांच्या कामाची नोंद प्रेक्षकाकडूनही होते ती बहुधा चुकीच्या वेळी, म्हणजे माइकचे टोक चौकटीत डोकावले तरच. गाजलेल्या नटांचे आवाज मात्र रसिकांच्या कानांत टिकून आहेत. चित्रणाच्या वेळीच मुद्रित झालेल्या अशा प्रत्येक संवादामागे चौकटीच्या कडेवर हात उंचावून उभ्या असलेल्या एका अनामिक तंत्रज्ञाचा वाटा आहे.