गिरणगावात उभे राहिलेले गाव

आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या मुलखात, निरगुडसरपासून ओतूरपर्यंत, यात्रेची रात्र म्हणजे तमाशाची रात्र. नारायणगाव ही तर तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग यांचा फड आणि पुढे विठाबाई यांनी ते नाव महाराष्ट्रभर नेले. त्या मानाने धाकटा खेळ हौशी मंडळींचा. गावच्याच पोरांनी बसवलेले घरगुती विनोदी नाटक! ओसरीवर खोकणारा म्हातारा, तोंडाने फटकळ पण मनाने मऊ सासू आणि शहराचा तोरा मिरवणारा जावई. तमाशाचा इतिहास थोडाफार तरी लिहिला गेला. या नाटकाचा मात्र कनातीबरोबरच गुंडाळून ठेवला गेला.

शेतकऱ्याचे घर रंगभूमीवर सुखासुखी आले नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा रंगभूमीवर देव होते, राक्षस होते; कुणबी नव्हता. 1855 साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यात कुणब्याचे जोडपे होते, त्यांना नाडणारा जोशी होता आणि हसवता हसवता डोळे उघडणारा विदूषकही होता. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. कुणबी नाटकात आला. पण दाराशीच ताटकळला.

मग त्याला आत घेतले कोणी? पुष्कळसे श्रेय मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या गाववाल्यांचे आहे. आमच्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हाही असाच पोटासाठी मुंबईला गेलेला गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी मालाच्या मोटारीपुढे तो हुतात्मा झाला. अशा हजारोंनी चाळीचा एकेक गाळा दाटीवाटीने वाटून घेतला. बायको-पोरे गावी, मनिऑर्डर दरमहा. ना. म. जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या परळच्या दामोदर हॉलचा पडदा 1922 पासून कामगारांसाठी उघडू लागला. पाळी सुटल्यावर तालीम, पगार झाल्यावर वर्गणी, आणि साच्यावर राबणाऱ्या पुरुषानेच लुगडे नेसून सासू व्हायचे!

पुढे 1953 च्या कायद्याने कामगार कल्याणाची कामे वाढली, 1954 साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, आणि हौशी नटाला परीक्षकही लाभले.

कोणी म्हणेल, हे गाव खोटे. यात कर्ज नाही, जातीचा जाच नाही. भांडण तिसऱ्या अंकात मिटते. आक्षेप खरा आहे. वाटेगावहून मुंबईला आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी याच कामगारांपुढे हसत-खेळत सावकाराचे वाभाडे काढले. तेव्हा विनोदाला सत्याचे वावडे होते असे नव्हे. तथापि दहा माणसांच्या गाळ्यात झोपणाऱ्याने तीन तास मोठी ओसरी पाहिली, तर तो फसत होता काय? ओसरी आता आपली उरलेली नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? नाटकातली सासू मनाने मऊ होती, कारण प्रेक्षकाची आई दूर होती. रजेत तो गावी आला, की तेच नाटक यात्रेत होई. गावाने धाडलेला माणूस गावालाच गाव दाखवी.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचा कणा मोडला. 2023 साली दामोदर हॉलही पुनर्विकासासाठी बंद झाला. आता या नाटकांचा पुरावा कोठे शोधायचा? ती बहुधा छापली गेलीच नाहीत. हाताने उतरवलेल्या नकलांवरच जगली.

म्हणून वाचकहो, दिवाळीला माळा झाडताना एखादी पिवळी वही हाती लागली, आत ‘सासू’ असे लिहून खाली आजोबांचे नाव असले, तर ती रद्दीत घालू नका. फराळाला बसलेल्या घरच्यांना तिच्यातली दोन वाक्ये वाचून दाखवा. नातवंडे हसतील. आजोबांनी ती त्याचसाठी पाठ केली होती.