संपादक आणि परंपरा : बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथा-संकलनाचे ऐतिहासिक स्थान

मराठी विज्ञानकथेचा इतिहास प्रामुख्याने लेखकांच्या अनुषंगाने लिहिला जातो. कथा निवडणारा, त्यांना एकत्र आणणारा संपादक त्यात दुर्लक्षित राहतो. वास्तविक एखाद्या साहित्यप्रकाराची ओळख घडविण्यात संपादकाचा वाटा मोठा असतो. इंग्लंडमध्ये जॉन कार्नेल यांनी १९४६ ते १९६४ या काळात ‘न्यू वर्ल्ड्स’ हे नियतकालिक सांभाळले आणि १९६४ पासून ‘न्यू रायटिंग्ज इन एसएफ’ ही संकलनमाला संपादित केली. तेथील विज्ञानकथेला त्यामुळे स्थिर व्यासपीठ लाभले. भारतीय संदर्भात अशा कार्याचा विचार करताना डॉ. बाळ फोंडके यांचे नाव प्रकर्षाने पुढे येते.

फोंडके यांची जडणघडण प्रयोगशाळेत झाली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधनानंतर ते विज्ञान पत्रकारितेकडे वळले. ‘सायन्स टुडे’ या इंग्रजी मासिकाचे संपादकपद आणि पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन संचालनालयाचे संचालकपद त्यांनी भूषविले. ते स्वतः मराठीतील विज्ञानकथाकारही आहेत. संशोधक, संपादक व कथाकार या तिन्ही भूमिकांचा संगम ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ या इंग्रजी संकलनात आढळतो. नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये प्रकाशित केलेल्या या ग्रंथात विविध भारतीय भाषांतील १९ कथा आहेत. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे हे मराठी लेखक तमिळमधील सुजाता व कन्नडमधील राजशेखर भूसनूरमठ यांच्या पंक्तीला बसले.

मराठी लेखकांच्या या लक्षणीय उपस्थितीमागे संस्थात्मक पार्श्वभूमी होती. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने या लेखनाला उत्तेजन दिले. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये याच स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविली होती. स्पर्धेने लेखक पुढे आणले. संकलनाने त्यांना अन्य भाषिक वाचकांपर्यंत नेले.

तथापि प्रत्येक निवड ही एक सीमारेषाही असते. विज्ञान हा कथेचा गाभा मानला की अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकातून आणि नारायण धारपांच्या लेखनातून वाढलेली अद्भुत व भयकथेची धारा आपोआप कडेला पडते. पाश्चात्त्य संकलनांत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा अनेकदा एकत्र नांदतात. मराठीत मात्र त्यांचे संसार वेगळे झाले. यात संपादकाचा दोष शोधणे अनुचित ठरेल. विज्ञानप्रसाराच्या चळवळीत वाढलेल्या साहित्यप्रकाराची ती स्वाभाविक परिणती होती.

सारांश, संकलन हे केवळ कथांचे गाठोडे नसून साहित्येतिहासाविषयीचे विधान असते. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना लाभले, तेव्हा विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेवर शिक्कामोर्तब झाले. त्या प्रतिष्ठेची पायाभरणी करणाऱ्या संपादकांचा स्वतंत्र अभ्यास झाल्याखेरीज हा इतिहास पूर्ण होणार नाही.