खरा व दिखाऊ सायलेन्सर : अमेरिकी कायद्यातील व्याख्येचा प्रश्न

बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट हायराम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्यास १९०९ मध्ये मिळाले. मशीनगनचे जनक हायराम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचा हा पुत्र. गोळीमागोमाग सुटणारे तप्त वायू कप्प्याकप्प्यांत अडवून त्यांचा दाब क्रमाने उतरविणे, हे या साधनाचे तत्त्व होय. इंजिनाच्या आवाजासाठीही मॅक्सिमने तेच तत्त्व उपयोगात आणले; मराठी वाचकास हा शब्द परिचित आहे तो मोटारसायकलमुळेच. चित्रपटांतील नीरवता मात्र या साधनाने कधीच साधली नाही.

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने सायलेन्सरला मशीनगनच्या पंक्तीस बसविले. नोंदणी सक्तीची झाली आणि निर्मिती व हस्तांतरणावर २०० डॉलर कर आला. महामंदीच्या काळात हा कर म्हणजे जवळजवळ बंदीच होती.

दिखाऊ सायलेन्सर बाहेरून हुबेहूब खऱ्यासारखा असतो. आत कप्पे नाहीत, पडदे नाहीत, नुसती पोकळ नळी. तो आवाज दाबत नाही, म्हणून संघीय कायद्यास त्याच्याशी कर्तव्य नाही. येथवर भेद सरळ आहे. गुंता वाढला तो १९८६ च्या दुरुस्तीने. सायलेन्सरच्या जुळणीसाठी योजलेले सुटे भाग, इतकेच नव्हे तर केवळ त्याच हेतूने घडविलेला एखादा भागही, सायलेन्सर ठरू लागला. वस्तूच्या कार्याइतकेच घडविणाऱ्याच्या हेतूलाही महत्त्व आले.

या बदलाचे परिणाम दोन निवाड्यांत दिसतात. इनोव्हेटर एंटरप्रायझेस या कंपनीचा एक ‘ब्रेक’ काही बाह्य लक्षणे जुळतात एवढ्यावरून एटीएफ या संघीय यंत्रणेने सायलेन्सर ठरविला होता. वॉशिंग्टन येथील न्यायाधीश जॉन बेट्स यांनी २०१४ मध्ये तो निर्णय रद्द केला. शेपूट, करडी कातडी व चार पाय एवढ्याने उंदीर हत्ती होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. उलट २०१६ मध्ये सिग सॉअर कंपनी अपिलात हरली. तिचा भाग तिच्याच सायलेन्सरच्या गाभ्यासारखा होता, फक्त बाहेरची नळी नव्हती. त्याने आवाज उलट वाढतो, हे कंपनीचे म्हणणे निष्फळ ठरले. हे निवाडे परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ते व्याख्येच्या भिन्न कलमांवर उभे आहेत. तथापि पहिल्यातील तर्क अधिक पटतो.

२०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील कर शून्यावर आला. नोंदणी आणि १९८६ ची व्याख्या मात्र कायम राहिली.