पाणथरी आणि काचपट्टी : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील बालकांच्या हिवतापाची ऐतिहासिक कारणमीमांसा

हिवतापाच्या इतिहासात ग्रामीण बालक हे केवळ रुग्ण नव्हते. ते रोगाच्या मोजमापाचे साधनही होते. पश्चिम यमुना कालव्याच्या काठची गावे तपासणाऱ्या बेकर, डेम्प्स्टर व यूल यांच्या समितीने (१८४५-४७) ग्रामस्थांची प्लीहा, म्हणजेच पाणथरी, हाताने चाचपून पाहण्याची पद्धत वापरली. पुढे ही कसोटी प्रामुख्याने मुलांवर स्थिरावली. १९५० च्या कंपाला परिषदेने दोन ते नऊ वर्षे वयोगटातील प्लीहावाढीचे प्रमाण हाच प्रदेशांच्या वर्गीकरणाचा आधार मानला. त्यामागील तर्क साधा होता. लहान मूल गाव सोडून फारसे कोठे जात नाही. म्हणून त्याच्या अंगातील ताप हा त्या गावचाच ताप होय.

याच गृहीतकाला औद्योगिक पट्ट्यात तडा गेला.

मावळ व खेड या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला, तर पूर्वेकडे सपाटी. पायथ्याच्या वाहत्या ओढ्यांत अॅनॉफेलिस फ्लुव्हिआटिलिस हा डास, तर सपाटीवरील डबकी व पाटचाऱ्यांत अॅनॉफेलिस क्युलिसिफेसिस वाढतो, असे दख्खनचे सर्वसाधारण चित्र आहे. दुसरा डास माणसापेक्षा जनावरांचे रक्त अधिक घेतो. परंतु घर आणि गोठा एकाच आढ्याखाली असले म्हणजे खाली घोंगडीवर झोपलेले मूल त्याच्या वाटेतच येते. जन्मानंतर काही महिने मातेकडून आलेली प्रतिद्रव्ये बालकाचे रक्षण करतात. दख्खनमध्ये मात्र हिवताप हंगामी व अस्थिर असल्याने मातेची प्रतिकारशक्तीच बेताची. साहजिकच मुलाला मिळणारे संरक्षणही तुटपुंजे. वारंवारच्या तापाने रक्तक्षय होतो आणि आधीच कुपोषित असलेले मूल अधिक खंगते.

मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या पुढाकाराने १९४६ च्या सुमारास कारवार व धारवाड भागांत ग्रामीण घरांवर डी.डी.टी. फवारणी सुरू झाली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि दिल्लीस डी.डी.टी. निर्मितीसाठी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या दोन सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. दोन्ही कारखान्यांना युनिसेफचे साहाय्य होते. पिंपरीच्या पेनिसिलिनचा हिवतापावर अर्थातच उपयोग नव्हता. तरीही नवस्वतंत्र राष्ट्राची आरोग्यदृष्टी ज्या कारखान्यांत साकारली, त्यांपैकी एक याच पट्ट्यात उभा राहिला, याची नोंद घ्यावयास हवी.

फवारणीचे यश घराच्या भिंतीवर अवलंबून होते. मातीची भिंत औषध शोषून घेते, आणि सणावारापूर्वी गृहिणीने शेणमातीने सारवले की उरलेला थरही झाकला जातो. यात गृहिणीला दोष देण्यासारखे काही नाही. स्वच्छतेची तिची रीत फवारणीच्या वेळापत्रकात कोणी विचारातच घेतली नव्हती. देशातील रुग्णसंख्या साठच्या दशकाच्या मध्यास सुमारे एक लाखापर्यंत उतरली आणि १९७६ साली पुन्हा ६४ लाखांवर गेली. १९७७ मध्ये सुधारित योजना आखावी लागली.

दरम्यान १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी, चिंचवड व भोसरीनंतर नव्वदच्या दशकापासून चाकणचा कायापालट होत गेला. बांधकामावरील हौद, पिंपे, पाणी धरलेल्या स्लॅब ही अॅनॉफेलिस स्टिफेन्सी या शहरी डासाची आवडती स्थळे. ओढ्याकाठचा डास मागे पडला तरी हा नवा डास गावाच्या शिवारात आला. त्याच शिवारात पत्र्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, झारखंड, ओडिशा येथील मजुरांची कुटुंबे उतरली. त्यांतील काही जिल्हे हिवतापाचे जुने आगर असल्याने परजीवी मजुरांच्या रक्तातून येऊ शकतो आणि हौदावरच्या डासाला तो आयताच मिळतो.

आज महाराष्ट्रातील हिवतापाचा मुख्य भार गडचिरोली व मुंबईकडे आहे. पुणे परिसराचा वाटा अल्प आहे. तथापि मोजणीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पाणथरीची जागा काचपट्टीवरील रक्तनमुन्याने घेतली. घरोघर पंधरवड्याने फिरणाऱ्या आरोग्य सेवकाची यादी घर क्रमांकांवर बेतलेली. बांधकामावरील खोलीला घर क्रमांक नसतो. कामाच्या जागी साडीच्या झोळीत निजलेल्या मुलाला ताप आला, तर आई जवळच्या खासगी दवाखान्यात धाव घेते, आणि रक्त न तपासताच औषध दिले गेले तर तो ताप कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही. नमुना घेतला गेलाच, तरी ताप चाकणचा की आईच्या माहेरचा, हे काचपट्टी सांगत नाही.