दोन तारांवरची स्मृती

१९८२ साली फिलिप्सने दूरचित्रवाणी संचातील चिप जोडण्यासाठी दोन तारांचा ‘आय-टू-सी’ मार्ग घडवला: एका तारेवर घड्याळाचे ठोके, दुसरीवर माहिती. मात्र इंटेलच्या मूळ ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. अभियंत्यांनी ही उणीव प्रोग्रॅमने भरून काढली. दोन साध्या पिना क्रमाने वर-खाली करून २४सी०२ चिपमधील २५६ बाइट वाचता-लिहिता येऊ लागले. लिहिताना दर आठ बिटांनंतर नवव्या ठोक्याला स्मृती माहितीची तार खाली ओढून पोच देते. नोंद आत कोरली जात असताना मात्र ती काही मिलिसेकंद मौन पाळते. त्या मौनाची दखल न घेणारा प्रोग्रॅम पुढची नोंद गमावतो. भारतातील अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत ८०५१ शिकताना विद्यार्थ्यांना हा धडा आजही मिळतो: उत्तराची वाट पाहणे हाही संवादाचाच भाग असतो.