इंजिनाची थरथर आणि तिचे निदान

मोटारीचे इंजिन चढ्या फेऱ्यांवर थरथरू लागले, की मालकाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘हे कोठून येते?’ मोटारविद्येचा इतिहास मात्र असे सांगतो, की निदानाला खरी दिशा दुसऱ्याच प्रश्नाने मिळाली : ‘हे केव्हा येते?’ कारण थरथरीच्या दोन जाती आहेत आणि एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही.

पहिल्या जातीची ओळख रोल्स-रॉइसला मोठी किंमत मोजून झाली. १९०५ च्या सुमारास या कंपनीने तीस अश्वशक्तीची, सहा सिलिंडरांची मोटार काढली. एका रांगेतील सहा पिस्टनांचे धक्के परस्परांना छेद देतात. कागदावर ही रचना निर्दोष होती. तरीही तिचे क्रँकशाफ्ट मोडू लागले. लांब, सडपातळ दांड्याला पिळाची स्वतःची एक लय असते. सिलिंडरांतील स्फोटांची लय तिच्याशी जुळली, की वेळेवर मिळणाऱ्या हलक्या झोक्यांनी झोपाळा चढत जावा तसा पीळ वाढत जातो आणि अखेर पोलाद थकते. हेन्री रॉइस यांनी पुढच्या ४०/५० अश्वशक्तीच्या मोटारीत (१९०६) दांडा जाड केला आणि सिलिंडर तीन-तीनच्या दोन संचांत मांडले. हीच मोटार पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने प्रसिद्धीस आली. दांड्याच्या टोकाशी घर्षणाने सरकणारे लहान चाक बसवून पीळ शमविण्याची युक्तीही त्याच काळातली. तिचे श्रेय कोणी रॉइस यांना देतात, तर कोणी फ्रेडरिक लँचेस्टर यांना.

ग्वाल्हेरच्या वाचकांना या मोटारीची आठवण वेगळ्या कारणाने असेल. याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही मोटार १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर मार्गावरील चाचणीत घाट चढून यशस्वी ठरली आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. त्या दिमाखामागे मोडलेल्या दांड्यांचा अभ्यास होता, हे सहसा सांगितले जात नाही.

दुसरी जात चार सिलिंडरांच्या इंजिनाची. तेथे दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात. म्हणजे तोल साधला असे वाटते. परंतु कनेक्टिंग रॉड फिरताना कलत असल्यामुळे पिस्टन वरच्या टोकाशी झपाट्याने दिशा बदलतो, खालच्या टोकाशी त्या मानाने सावकाश. हा फरक चारही पिस्टनांत सारखाच असल्याने तो मिटत नाही. दर फेऱ्याला दोन धक्के शिल्लक राहतात. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हे सेकंदाला दोनशे धक्के होत. शिवाय फेरे दुप्पट झाले, की धक्क्याचे बल चौपट होते. लँचेस्टर यांनी १९०४ मध्येच यावर उपाय सुचविला होता : क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणारे, एका अंगाला वजन असलेले दोन दांडे. त्यांची उभी बले मिळून धक्का खोडतात आणि आडवी बले आपसांत मिटतात.

हा उपाय सर्रास रूढ होण्यास मात्र सुमारे सत्तर वर्षे जावी लागली. जपानच्या मित्सुबिशीने १९७५ मध्ये तो सुधारून वापरला. एक दांडा वर व दुसरा खाली ठेवल्याने इंजिनाचे डोलणेही कमी झाले. पोर्शने ९४४ ही स्पोर्ट्स कार १९८२ साली बाजारात आणली, तेव्हा तिच्या अडीच लिटरच्या चार सिलिंडरांपुढे हाच प्रश्न होता. शर्यतींत नाव कमावलेल्या या जर्मन कंपनीने आढेवेढे न घेता मित्सुबिशीचा परवाना घेतला. परक्याची विद्या मानाने विकत घेण्यात कमीपणा नसतो, याचे हे चांगले उदाहरण. पुढे याच पद्धतीने तीन लिटरची चार सिलिंडर इंजिनेही तिने चालविली.

आज अशी जुनी ९४४ थरथरू लागली, तर जाणता कारागीर हत्यार उचलण्याआधी ‘केव्हा’ हेच विचारतो. गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, फेरे वाढवून तो पाहतो. तरीही थरथर आली, तर चाके व टायर निर्दोष ठरतात. मग तो क्लच दाबतो. या मोटारीचा गिअरबॉक्स मागे असून त्याकडे जाणारा दांडा एका नळीतून इंजिनाच्याच वेगाने फिरतो. क्लच दाबताच थरथर थांबली, तर संशय त्या दांड्यावर किंवा त्याच्या बेअरिंगांवर जातो. ती ठरावीक फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच येऊन विरत असेल, तर लय जुळण्याचा दोष. फेऱ्यांबरोबर सतत वाढत असेल, तर तोल बिघडल्याचा : फेऱ्याला एकदा असेल तर फ्लायव्हील वा क्लच, दोनदा असेल तर ते दोन तोलदांडे.

तोलदांड्यांचा दातेरी पट्टा बदलताना खुणा एका दातानेही चुकल्या, तर धक्का पुरता खोडला जात नाही आणि मुळात शांत असलेले इंजिन चढ्या फेऱ्यांवर हादरू लागते. दुर्लक्ष केल्यास धोकाही आहे. हा पट्टा झिजून तुटला आणि शेजारच्या कॅमशाफ्टच्या पट्ट्यात अडकला, तर तोही निकामी होतो. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच वाकते-मोडते.

जाड दांड्याने चार सिलिंडरांचे धक्के थांबले नसते आणि तोलदांड्यांनी रॉइस यांच्या दांड्याचा पीळ शमला नसता. प्रशासनात दीर्घ सेवा केल्यावर मला हे विशेष पटते. ज्या तक्रारीची वेळ नीट नोंदली गेली, तिचे कारण अर्धे सापडलेले असे. वेळ न विचारता सुटे भाग बदलत जाणे म्हणजे खर्च करून दोष तसाच सांभाळणे होय.