स्वतःस सावरणारी संगणकप्रणाली

मध्यरात्री दूरध्वनी खणखणतो, 'यंत्रणा बंद पडली' एवढे शब्द कानी पडतात आणि घरातील मुलगा वा सून अंथरूण सोडून कामास बसते. संगणकाच्या व्यवसायात शिरलेल्या आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांस हा अनुभव परिचित असेल. यंत्रणेने आपले दुखणे आपणच ओळखून सावरावे, या विचारातून एक विद्याशाखा उदयास आली. तिचा अल्प परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

या विचाराचे मूळ संगणकाहून जुने आहे. १७८८ साली जेम्स वॅट याने वाफेच्या इंजिनास नियंत्रक जोडला. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे दूर पसरत व वाफेची वाट आखडे. वेग मंदावला की ती पुन्हा मोकळी होई. पुढे १९४८ साली नॉर्बर्ट वीनर याने 'सायबरनेटिक्स' या ग्रंथात यंत्र आणि प्राणी या दोहोंतील अशा नियमनाची तात्त्विक मांडणी केली.

संगणकप्रणाली मात्र दीर्घकाळ ठरवून दिलेल्या आज्ञाच पाळीत राहिली. प्रणालींचा पसारा वाढला, तेव्हा २००१ साली आयबीएमचे पॉल हॉर्न यांनी इशारा दिला की, ही गुंतागुंत लवकरच माणसाच्या आटोक्याबाहेर जाईल. हृदयाचे ठोके आपण मोजून चालवीत नाही. मज्जासंस्था ते काम परस्पर करते. संगणकानेही तसेच करावे, अशी त्यांची कल्पना होती. २००३ साली केफार्ट व चेस यांनी तिचे चार टप्पे मांडले : निरीक्षण, विश्लेषण, योजना आणि अंमल, चारींना आधार संचित ज्ञानाचा. २००६ पासून या विषयाची स्वतंत्र विद्वत्सभा भरू लागली.

तेथे एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे. वॅटच्या गोळ्यांची वागणूक ठरलेली होती. स्वतःची रचना पालटणाऱ्या प्रणालीची तशी नसते. आज तपासून निर्दोष ठरलेली प्रणाली उद्या निराळी होणार असेल, तर आजच्या तपासणीस अर्थ काय? म्हणूनच प्रणाली चालू असतानाही तिची सतत परीक्षा घेण्याच्या पद्धती संशोधक शोधीत आहेत.

आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माझ्यासारख्यास याचे नवल वाटत नाही. आपली चूक आपणच सुधारणारा विद्यार्थी शिक्षकाचे श्रम वाचवितो. परंतु बरोबर काय आणि चूक काय, हे त्यास आधी कोणीतरी शिकवावेच लागते. यंत्रणेस ते शिकविण्याची जबाबदारी आपल्याच मुलाबाळांवर आहे, आणि रात्रीच्या जागरणापेक्षा ती अधिक मोठी आहे.